ऐकू आलं, पण उत्तर कसं देणार?

मोबाइलवर रेंजच्या चार दांड्या दिसताहेत, पलीकडच्याचा आवाज स्वच्छ येतोय, आणि तो मात्र "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" करत बसलाय. घाटात, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये हा अनुभव सगळ्यांनी घेतलेला असतो. यात गूढ काही नाही. टॉवरकडे भरपूर वीज असते, तो ओरडू शकतो. आपल्या खिशातल्या फोनकडे वॉटचा एखादा तुकडा असतो, त्याचं बोलणं टॉवरपर्यंत पोचेलच असं नाही. स्क्रीनवरच्या दांड्या टॉवर आपल्याला किती ऐकू येतो एवढंच सांगतात. आपण त्याला किती ऐकू जातो, याबद्दल त्या गप्प असतात.

रेडिओचा इतिहास वाचायला लागल्यावर मला हीच भानगड पुन्हा पुन्हा भेटत गेली. हा इतिहास बहुतेकदा डब्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कुणी व्हॉल्व्ह शोधला, कुणी ट्रान्झिस्टर, कुणी वॉकीटॉकी. छपरावर उन्हापावसात उभ्या असलेल्या तारेचा उल्लेख झालाच तर जाता जाता. पण जिथे दोन्ही बाजूंनी बोलणं व्हायला हवं होतं, तिथे गाडं अडलं आणि सुटलं ते बहुधा त्या तारेपाशीच. कारण साधं आहे. ट्रान्समीटरची ताकद दुप्पट केली तर फक्त आपला आवाज मोठा होतो. अँटेना उंच नेली, योग्य लांबीची केली, हव्या दिशेला वळवली, तर आवाज मोठा होतोच, शिवाय कानही तीक्ष्ण होतात, आणि तेही तेवढ्याच प्रमाणात. इंजिनिअरिंगच्या पेपरात याला 'रेसिप्रोसिटी' म्हणतात. आम्ही ती सिद्ध करून मार्क घेतले आणि नंतर सगळे सॉफ्टवेअरमध्ये गेलो. तिच्यासाठी माणसांनी काय काय उभं केलं आणि काय काय कोसळलं, हे त्या पेपरात नव्हतं.

सुरुवातीपासून कोसळलंच. इटलीतल्या वडिलांच्या बंगल्यात १८९५ साली प्रयोग करताना मार्कोनीच्या लक्षात आलं होतं, की तारेचं एक टोक जमिनीत गाडलं आणि दुसरं उंच नेलं की संदेश लांब जातो. जितकी तार उंच तितकं अंतर जास्त. पुढची काही वर्षं तो उंचीच्याच मागे होता. अटलांटिक ओलांडण्यासाठी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला पोल्डू इथे त्यानं प्रत्येकी सुमारे ६० मीटर उंचीचे २० खांब वर्तुळात उभे केले. सप्टेंबर १९०१च्या वादळात ते सगळे आडवे झाले. मग दोन खांबांमध्ये पंख्यासारख्या तारा ताणून काम भागवलं गेलं. पलीकडे न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर तर खांब उभारायलाही वेळ नव्हता. मार्कोनीनं आधी फुगा सोडला, तो वाऱ्यानं नेला. शेवटी पतंगाला दीडशे मीटरच्या आसपास तार बांधून वर चढवली. १२ डिसेंबर १९०१ रोजी त्याला मोर्सचे तीन ठिपके, म्हणजे 'एस' हे अक्षर, ऐकू आल्याचं त्यानं जाहीर केलं. खरंच ऐकू आलं की वाऱ्याची खरखर होती, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात.

मला त्या वादापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ऐकू आलं असं धरलं तरी त्याला उत्तर देता येत नव्हतं. पोल्डूला अवाढव्य यंत्रणा होती, इकडे पतंग आणि कानाला लावायचा टेलिफोन. 'तुमचा एस पोचला' हे कळवायला जुनी समुद्राखालची तारच वापरावी लागली. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर तोडीस तोड अँटेना उभ्या राहून रोजची व्यापारी देवाणघेवाण सुरू व्हायला १९०७ साल उजाडलं.

यानंतर ब्रिटिश साम्राज्याला सगळ्या वसाहती बिनतारी धाग्यानं बांधायच्या होत्या. सरकारी समित्यांचा कल लांब लहरींकडे आणि प्रचंड ताकदीकडे होता. त्या विचाराचं सगळ्यात भव्य रूप इंग्लंडमधल्या रग्बी इथे पाहायला मिळालं. १९२६च्या पहिल्या दिवशी सुरू झालेल्या या केंद्रात २५० मीटर उंचीचे १२ मनोरे होते. तरंगलांबी सुमारे १८ किलोमीटर. त्याचा आवाज जगभरच्या जहाजांना ऐकू जायचा, पण एवढी अँटेना जहाजावर कोण आणि कशी बांधणार? पुन्हा तेच. ऐका, उत्तर देऊ नका.

मार्कोनी आणि त्याचा इंजिनिअर चार्ल्स फ्रँकलिन यांनी दुसरा रस्ता धरला. लहरी आखूड घ्यायच्या आणि मनोऱ्यांमध्ये तारांचे पडदे असे टांगायचे, की सगळी ऊर्जा एकाच दिशेला जाईल. याला 'बीम' म्हणत. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारनं या पद्धतीचं कंत्राट दिलं, आणि म्हणून या जागतिक कथेत खडकी आणि दौंड ही दोन नावं येतात. इंग्लंडकडे तोंड केलेला ट्रान्समीटर खडकीला, इंग्लंडचं ऐकणारा रिसीव्हर दौंडला. पलीकडे त्यांची जोडीदार केंद्रं ग्रिम्सबी आणि स्केगनेसजवळ. बोलायची जागा आणि ऐकायची जागा एवढ्या लांब का? तर शेजारी कुणी भोंगा लावला असेल तर दूरची कुजबुज ऐकू येत नाही, म्हणून. दौंड म्हटलं की आपल्याला जंक्शन आठवतं, गाडी बदलणं आठवतं. हजारो किलोमीटर अंतरावरच्या इंग्लंडची कुजबुज एकेकाळी दौंडच्या माळावर टांगलेल्या तारा टिपत होत्या, हे मला दौंडवरून कैक वेळा गेल्यानंतर कळलं.

खडकी-दौंडची ही सेवा १९२७ साली सुरू झाली. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्रही सुरू झालं. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण आजही प्रसारण दिन साजरा करतो. एका केंद्रानं बोलायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं, त्या रेडिओचा वाढदिवस लक्षात राहिला. उत्तर देणाऱ्या रेडिओचा वाढदिवस कुणी साजरा केल्याचं ऐकिवात नाही.

आता गाडीकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात रंगतदार प्रकरण हेच आहे, आणि ते घडलं अमेरिकेत, मोटारींच्या शहरात.

डेट्रॉइटमध्ये चोरांकडे मोटारी आल्या होत्या आणि गस्तीवरच्या पोलिसाला निरोप द्यायला रस्त्याकडेचा टेलिफोन होता. पोलीस आयुक्त विल्यम रटलेज यांच्या काळात सात वर्षं रेडिओचे प्रयोग चालले. सुरुवातीचं केंद्र सरकारदरबारी करमणुकीचं केंद्र म्हणून नोंदलेलं होतं, त्यामुळे चोरीच्या गाड्यांचे नंबर सांगतासांगता मधे गाणी वाजवावी लागत. गाडीतला रिसीव्हर खड्ड्यांच्या धक्क्यांनी बेसूर व्हायचा. शेवटी रॉबर्ट बॅट्स नावाच्या तरुणानं धक्के सोसणारा रिसीव्हर बनवला, आणि ७ एप्रिल १९२८ पासून डेट्रॉइटच्या गस्तीच्या गाड्यांना नियमित संदेश मिळू लागले. गाजावाजा झाला, इतर शहरांनी अनुकरण केलं.

पण संदेश मिळू लागले, एवढंच. गाडीतल्या पोलिसानं ऐकलं की नाही, तो निघाला की नाही, तिथे गोळीबार चालू आहे आणि आणखी माणसं हवी आहेत, यातलं काहीही मुख्यालयाला कळायचा मार्ग नव्हता. त्यासाठी गाडी थांबवून टेलिफोन गाठायचा. त्या काळातल्या पोलीस रेडिओची कल्पना करताना मला हे चित्र फार अस्वस्थ करतं. डोक्याशी सतत हुकूम येताहेत आणि तोंड बांधलेलं आहे.

याची दोन कारणं होती. एक म्हणजे त्या वेळचे ट्रान्समीटर अवजड आणि विजेचे भुकेले. दुसरं कारण निव्वळ लांबीचं. पोलिसांना तेव्हा २ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी मिळाल्या होत्या. २.४ मेगाहर्ट्झला तरंगलांबी १२५ मीटर होते. उभी अँटेना नीट चालायला तिच्या पाव तरी लांबीची लागते, म्हणजे ३१ मीटर. दहा मजली इमारतीएवढी काठी गाडीवर लावून गस्त घालता येत नाही. ऐकण्यासाठी तुटकी अँटेनाही चालून जाते, कारण केंद्राचा आवाज दणदणीत असतो. त्या काळच्या गाड्यांचं छप्पर मधे कापडी असायचं, आत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी. त्या छपरातच अँटेना बसवायचे आणि ती ऐकण्यापुरती पुरायची. उत्तर द्यायला तिचा उपयोग नव्हता. मुख्यालयानं ट्रान्समीटर आणखी कितीही मोठा केला असता तरी हा प्रश्न सुटणार नव्हता.

सुटला तो १९३३ साली, न्यू जर्सीतल्या बेयॉन या छोट्याशा गावात. फ्रँक गुंथर हा इंजिनिअर आणि तिथला ऑपरेटर व्हिन्सेंट डॉयल यांनी लहरीच बदलल्या. ३० मेगाहर्ट्झच्या पलीकडच्या, तेव्हा फारसं कुणी न वापरणाऱ्या वारंवारता घेतल्या. तिथे पाव तरंगलांबी अडीच मीटरच्या आत येते. गाडीवर लवचीक छडी उभी राहिली, गाडीत छोटा ट्रान्समीटर बसला, आणि पोलीस पहिल्यांदा बोलू लागला. मुख्यालयाशी, आणि दुसऱ्या गाडीशीही. बेयॉन तीन बाजूंनी पाण्यानं वेढलेलं आटोपशीर गाव, त्यामुळे थोड्या वॉटमध्ये भागलं, हेही खरं.

इथे एक गंमत घडली. १९३५च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सनं सलग पोलादी छप्पर आणलं. त्या पोलादानं छपरातली जाळीची अँटेना निकामी केली, कारण धातूच्या पेटीत लहरी शिरणार कशा? रेडिओवाल्यांनी तारा पायदानाखाली नेल्या, काय काय करून पाहिलं. पण उभ्या छडीला तेच छप्पर वरदान ठरलं. पाव तरंगलांबीच्या छडीला खाली धातूचा पसरट पृष्ठभाग लागतो. आरशात प्रतिबिंब पडावं तसा तो छडीचा उरलेला अर्धा भाग पुरवतो. म्हणून आजही गाडीवर अँटेना कुठे लावायची, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच असतं. छपराच्या मधोमध. बंपरवर लावली तर गाडीचं धूड एका बाजूला येतं आणि आवाज चारी दिशांना सारखा जात नाही. लोक तरीही बंपरवर लावतात. नव्या गाडीच्या छपराला भोक पाडायचा जीव होत नाही.

घरासाठी मात्र छप्पर स्लॅबचं किंवा कौलांचं. मग तो धातूचा पृष्ठभाग आणायचा कुठून? १९३०च्या दशकाच्या अखेरीस आरसीए कंपनीतल्या जॉर्ज ब्राऊन आणि जेस एपस्टाइन यांनी उत्तर काढलं, की पत्र्याची गरजच नाही. खांबावर उभी छडी ठेवायची आणि तिच्या बुडाशी चार आडव्या काड्या. हीच ती 'ग्राउंड प्लेन' अँटेना. पोलीस ठाणी, टॅक्सी कंपन्या, हौशी रेडिओवाल्यांची घरं, सगळीकडे ती दिसते. यातली मजा अशी की ब्राऊनच्या मोजमापांनुसार दोनच काड्या पुरत होत्या. पण विक्री विभागाचं म्हणणं पडलं, की दोन काड्यांची अँटेना चारी दिशांना सारखी चालते यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवणार नाही. म्हणून चार. प्रॉडक्ट मॅनेजरच्या आग्रहाखातर नको असलेलं बटण स्क्रीनवर ठेवलेल्या माणसाला ब्राऊनचं दुःख समजू शकेल.

गाडी बोलू लागली तरी तिचं बोलणं ऐकायला कुणीतरी उंचावर लागतंच. वीएचएफच्या लहरी साधारण सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. हिशेबाचं सूत्र सोपं आहे. उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ काढायचं आणि ४.१नं गुणायचं, की क्षितिजापर्यंतचे किलोमीटर मिळतात. दोन मीटर उंचीच्या गाडीला ५.८ किलोमीटर. तीस मीटरच्या मनोऱ्याला साडेबावीस. सिंहगड पुण्यापेक्षा सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. तिथून हे अंतर ११० किलोमीटरच्या पुढे जातं, अर्थात मधे सह्याद्रीची दुसरी धार आडवी आली नाही तर. दूरदर्शनचा मनोरा तिथे आहे तो याच वर्गमूळामुळे. ज्या कारणासाठी किल्ले डोंगरावर बांधले, त्याच कारणासाठी रेडिओवाले डोंगर शोधतात. दूरवर दिसलं पाहिजे, आणि दूरवरून आपण दिसलो पाहिजे.

१९४० मध्ये डॅनियल नोबल या प्राध्यापकानं कनेटिकट राज्याच्या पोलिसांसाठी एफएमवर चालणारी राज्यव्यापी दुतर्फा यंत्रणा उभी केली. पुढे उंचावर रिपीटर बसवण्याची पद्धत रूढ झाली. कमजोर गाडीचं बोलणं डोंगरावरचे कान ऐकतात आणि तोच आवाज दुसऱ्या वारंवारतेवर मोठ्यानं पुन्हा सांगतात. दोन गाड्या एकमेकींना दिसत नसल्या तरी दोघींना डोंगर दिसतो.

मनोऱ्यावर मग जास्त 'गेन'ची अँटेना चढवायचा मोह होतो. विक्रेते गेनचे आकडे असे सांगतात, जणू अँटेना ऊर्जा तयार करते. पुरणपोळी आठवा. गोळा तेवढाच, लाटली की पसरते, पण पातळ होते. उभ्या अँटेनांची उतरंड रचून गेन वाढवला की ऊर्जा क्षितिजाच्या दिशेनं पसरते आणि वर-खाली कमी जाते. सोलापूरच्या सपाटीवर हे छान. कोकणात, जिथे अर्धं गाव मनोऱ्याच्या पायथ्याशी दरीत आहे, तिथे तीच महागडी अँटेना जवळच्यांच्या डोक्यावरून बोलते. घाटात फिरणाऱ्या गाडीला म्हणूनच साधी पाव लांबीची छडी पुष्कळदा बरी पडते. दुसरी फसगत केबलची. ४५० मेगाहर्ट्झला साध्या आरजी-५८ केबलच्या ३० मीटरमध्ये जवळपास नव्वद टक्के ताकद खर्ची पडते, जाताना आणि येतानाही. मनोरा उंच आणि केबल स्वस्त, अशी कंजुषी मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिली आहे.

आपल्याकडे घरावरची अँटेना म्हटलं की मात्र आठवते ती माशाच्या काट्यासारखी. "अजून थोडी डावीकडे... आता आलं... गेलं!" हा गच्ची आणि दिवाणखाना यांच्यातला आरडाओरडा आईबाबांच्या पिढीला पाठ आहे. ती यागी-उडा. जपानमधल्या सेंदाई इथे १९२६ मध्ये शिंतारो उडा आणि त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी ती मांडली. एकाच काडीला वीज द्यायची, पुढेमागे नुसत्या काड्या ठेवायच्या, त्या लहरींना एका दिशेला ढकलतात. बरंचसं काम उडांचं, पण पेटंट एकट्या यागींच्या नावावर, इंग्रजीतला गाजलेला निबंध यागींचा, म्हणून जग नुसतं यागी म्हणतं. जपानी सैन्याला या शोधाचं मोल कळलं नव्हतं. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर त्यांच्या हाती रडारबद्दलची एका ब्रिटिश सैनिकाची वही लागली. तीत 'यागी' हा शब्द सारखा येत होता. याचा अर्थ काय, असं कैद्याला विचारलं, तेव्हा तो चकित झाला. हे तुमच्याच माणसाचं नाव आहे, त्यानं सांगितलं. उडा नंतर पन्नाशीच्या दशकात युनेस्कोतर्फे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काही वर्षं काम करून गेले. पुढे ज्या देशातल्या गच्चीगच्चीवर त्यांच्या काड्या उभ्या राहिल्या, तिथे त्यांचं नाव क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

टीव्हीची यागी आडवी असायची, कारण प्रक्षेपण आडव्या लहरींचं होतं. वायरलेसवाल्यांची यागी उभी लावतात, कारण पलीकडच्या गाडीवरची छडी उभी असते. एक आडवी आणि एक उभी असेल तर बराचसा सिग्नल वाया जातो. घरासाठी अँटेना निवडताना नवखे लोक किमतीची आणि गेनची चौकशी करतात, हे विचारायचं राहून जातं.

आणि आता गच्चीच राहिलेली नाही. म्हणजे आहे, पण ती सोसायटीची आहे. हॅम रेडिओचा सरकारी परवाना हातात असूनही दहा मीटर तार बांधायला कमिटीची परवानगी मिळत नाही, अशी उदाहरणं माझ्या ओळखीत आहेत. कुणाला रेडिएशनची भीती, कुणाला इमारत विद्रूप होईल याची. मग लोक खिडकीच्या ग्रिलला आखूड अँटेना बांधतात. त्यांना बरंच ऐकू येतं. बोललेलं मात्र फारसं कुठे पोचत नाही.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम ऑपरेटर हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओतर्फे पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून कित्येक वर्षांनी हॅम रेडिओला परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हौशी लोक त्या बेटांशी संपर्क साधायला रांग लावून होते. हॉटेलच्या गच्चीवर अँटेना बांधलेल्या होत्या. छंदाचा मामला होता. २६ तारखेच्या पहाटे भूकंप झाला, मग त्सुनामी आली. टेलिफोन बंद पडले. १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या तरंगलांबीची तार जेमतेम दहा मीटरची असते, आणि तिच्यातून निघालेल्या लहरी आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून हजारबाराशे किलोमीटरवर, म्हणजे समुद्रापलीकडे मुख्य भूमीवर उतरतात. मधे कुठलाही मनोरा लागत नाही. भारती प्रसाद यांनी छंदाचं काम थांबवलं आणि मदतीचे निरोप घेणं-देणं सुरू केलं. पुढे त्यांचे सहकारी कार निकोबारलाही यंत्रं घेऊन गेले. मुख्य भूमीवरून नातेवाईक एकेक नाव विचारत होते, आणि बेटावरून त्या नावांची उत्तरं जात होती.